आधी शिक्षक गेले, मग मुलं गेली

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मजकूर पुन्हा फिरतोय. म्हणणं असं: झेडपीच्या मास्तरांना लाखाचा पगार, पण शिकवायच्या नावानं बोंब, म्हणून पालकांनी मुलं काढली. तेव्हा वीसच्या आतल्या पटाच्या शाळा बंद करा, मुलांना गाडीनं मोठ्या शाळेत न्या आणि पैसा वाचवा. माझी मुलगी याच शाळेत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, म्हणून उत्तर देते.

"शिकवत नाहीत म्हणून पट घसरला." गेल्या उन्हाळ्यात मी शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर घेऊन बसले. शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यात खालपर्यंत एकच शेरा: पालकांच्या विनंतीवरून. त्यातून काय कळणार? म्हणून ज्या घरांतली नावं कमी झाली होती, तिथं जाऊन विचारलं. एक कुटुंब कामासाठी चाकणला गेलं होतं. दोन घरं ऊसतोडीला जाताना मुलं सोबत नेतात. बाकी बहुतेकांचं उत्तर होतं, "बाई एकट्याच होत्या ना ओ." शाळेतल्या दोन शिक्षकांपैकी एकांची बदली झाली आणि ती जागा दीड वर्ष भरलीच नाही. बाई पहिलीला बाराखडी घ्यायच्या, तेव्हा चौथीची पोरं फळ्यावरचं उतरवून काढत बसायची. मधेच पोषण आहाराची ऑनलाइन नोंद, नाहीतर मतदार यादीचं, बीएलओचं काम. पुढच्या जूनमध्ये सात दाखले गेले. मजकुरात सांगितलेला क्रम इथं उलटा आहे. आधी शिक्षक गेले, मग मुलं गेली.

पट घसरला की पुढचं आपोआप होतं, कारण संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकांची पदं मंजूर, हे पटावर ठरतं. मुलं कमी म्हणजे पदं कमी, आणि पदं कमी झाली की उरलेले पालकही दाखला मागतात. राज्य सरकारच्या मार्च २०२४ च्या निर्णयानं तर सहावी ते आठवीच्या गटात पट वीसच्या खाली गेला की मंजूर पदं शून्यावर आणली.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातला जननदर, म्हणजे एका बाईमागं सरासरी मुलं, १.७ वर आला आहे. आमच्या अंगणवाडीतच मुलं थोडी. पहिलीत कुठून येणार? याचा दोष कुठल्या मास्तराला देणार?

"लाखाचा पगार." जुन्या शिक्षकांचा पगार चांगला आहे, आणि तो असायलाच हवा. पण नवा शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. त्याचं मानधन प्राथमिकला महिना ६,००० रुपये होतं, ते २०२३ मध्ये १६,००० झालं. त्यातही २०१२ साली भरती बंद केली आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून मोठी भरती निघायला २०१९ उजाडलं. सात वर्षं माणसंच घेतली नाहीत, हा हिशोब त्या मजकुरात कुठंच नाही.

टाळाटाळ करणारे शिक्षक नसतात असं मी म्हणणार नाही. आमच्याकडेही एक होते. समितीनं लेखी तक्रार केली, पाठपुरावा केला, आणि ते वेळेवर यायला लागले. शाळा बंद करावी लागली नाही.

"खासगीत मुलं शिकतात." असर २०२४, म्हणजे मुलांना किती वाचता-मोजता येतं याची गावोगावची पाहणी, पाहा. ग्रामीण भारतात दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचू शकणारी पाचवीची मुलं सरकारी शाळांत ४४.८ टक्के आणि खासगीत ५९.३ टक्के. फरक आहेच. पण फी भरूनही शंभरातल्या चाळीसजणांना तो उतारा वाचता येत नाही. शिवाय फी भरू शकणाऱ्या घरात शिकलेली आई आणि शिकवणी असण्याची शक्यताही जास्त. ते सगळं श्रेय शाळेला कसं द्यायचं? याच पाहणीत सरकारी शाळांतल्या मुलांचं प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होतं. करोनानंतर २०२२ मध्ये ते ७२.९ झालं आणि २०२४ मध्ये परत ६६.८ वर आलं. या सहा वर्षांत सगळे शिक्षक काही बदलले नव्हते. बदललं असावं ते घरातलं उत्पन्न.

"गाडीनं न्या." पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, हा शिक्षण हक्काचा नियम आहे आणि तो उगाच केलेला नाही. आमच्या वरच्या वस्तीवरून खाली येताना ओढा लागतो. जुलैत पाणी चढलं की मोटरसायकलसुद्धा अलीकडे उभी करून ठेवावी लागते. तिथल्या एका आईला मी विचारलं, शाळा खालच्या गावात नेली तर? ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "थोरल्याला धाडीन. धाकटीला न्हाई धाडायची." २०२३ मध्ये समूह शाळांची, म्हणजे जवळच्या लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याची, चर्चा निघाली, तेव्हा वीसच्या आतल्या पटाच्या शाळांचा आकडा चौदा हजारांच्या वर सांगितला गेला. त्यातल्या किती शाळांच्या वाटेत असा ओढा आहे, हे आधी मोजा.

ग्रुपवर काही टाकायचंच असेल, तर आपापल्या शाळेची माहिती टाका: मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि रिकामी जागा कोणत्या महिन्यापासून रिकामी आहे. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात ती मिळते. आमच्या शाळेची मी आज संध्याकाळी टाकते.