गांडुळं सरळ करा

शाफ्ट केसभर वाकला तरी लेथवरून उतरू न देणारी माणसं कोल्हापूरच्या उद्यमनगरात गल्लोगल्ली आहेत. त्याच गावात मी सर्किट बोर्ड काढून पोट भरतो, आणि त्यात तांब्याच्या रेघा मुद्दाम नागमोडी काढतो. पुढचं काय ते समजून घ्या.

शिरोलीच्या एका फौंड्रीमालकांना कास्टिंगचे फोटो काढून तपासणारा कॅमेरा हवा होता. कॅमेऱ्यापासून बोर्डापर्यंत यूएसबी ३.०, तिथून ऑफिसपर्यंत गिगाबिट इथरनेट. मालकांनी स्क्रीनवर लेआउट पाहिला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "साहेब, हितं गांडुळं कशाला सोडलासा?"

मी सांगितलं, मालक, या रेघा जोडीनं चालतात. एकीवर सिग्नल, दुसरीवर तोच उलटा. रिसीव्हर फक्त दोन्हींतला फरक बघतो; बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच बसतो आणि वजाबाकीत उडून जातो. पण त्यासाठी दोघींनी एकदम पोचायला पाहिजे. ५ गिगाबिटच्या वेगाला एक बिट २०० पिकोसेकंदांचा. तेवढ्यात सिग्नल बोर्डावर जेमतेम ३ सेंटीमीटर सरकतो. वळणावर बाहेरच्या अंगाची रेघ ३ मिलिमीटरनं लांब झाली, की बिटाचा दहावा हिस्सा तिथंच गेला. म्हणून आतल्या आखूड रेघेला वळणं देऊन लांबी जुळवायची.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. "मग लांब हाय ती आखूड करा की!"

बोर्ड बनवणारा याच्याही पुढचा. त्याचा फोन आला, "सर, तुमचे ट्रॅक फार बारीक होते, जरा रुंद करून घेतले. जादा चार्ज नाही." ट्रॅकची रुंदी, दोघांतलं अंतर, खालच्या ग्राउंडपासूनची उंची हे सगळं जुळवून मी यूएसबीच्या जोडीला लागणारा ९० ओहमचा इम्पेडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा ठरावीक अडथळा, गाठलेला, आणि यानं तो परोपकारात घालवला. मी त्याला सौम्य शब्दांत समजावलं. म्हणजे कोल्हापूरच्या मानानं सौम्य. पॅनेलवाल्याला तर ग्राउंडच्या तांब्यात स्क्रूसाठी खाच हवी होती, नेमकी जिथून रेघेखालून परतीचा करंट येतो तिथं. त्याला मी बोर्ड दाखवायचंच बंद केलं.

पण खरी परीक्षा केबलची. जोडीतल्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ घालायची युक्ती ग्राहम बेलच्या नावावर १८८१ पासून पेटंटात आहे. आमच्या वायरमन मामांना ती मान्य नाही. मामांनी केबल सोलली, वीतभर पीळ सोडवला, आठही तारा बोटांनी विंचरून सरळ केल्या आणि जोडीला जोडी लावून रंगवार प्लगमध्ये बसवल्या. क्रिम्पिंग इतकं देखणं, की फोटो काढावा. टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागले. मामा म्हणाले, "वक्के हाय!"

भट्टी सुरू झाली आणि नेट गेलं. भट्टी बंद, नेट हजर.

टेस्टर बापडा तार पोचली की नाही एवढंच सांगतो. कुणाच्या जोडीनं पोचली ते त्याच्या गावी नसतं. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडायचा नाही, आणि हिरवी जोडी प्लगच्या ३ आणि ६ नंबरवर, मधल्या ४-५ वर निळी. मामा खवळले. "नवरा एका गावाला, बायको दुसऱ्या गावाला? आणि मधी पावणं?" मधली जागा टेलिफोनच्या काळापासून फोनच्या जोडीसाठी राखलेली आहे, असं सांगितलं तर म्हणाले, "हितं फोन कुटं हाय?" या प्रश्नाला माझ्याकडंच काय, कुणाकडंच धड उत्तर नसावं. शिवाय केबल भट्टीच्या पॉवर केबलला टायनं आवळून बांधलेली. का? तर, "नीट दिसतंय."

शेवटी माझ्या डोळ्यांदेखत मामांनी नाइलाजानं पुन्हा क्रिम्पिंग केलं, केबल वेगळ्या ट्रेमधून नेली. भट्टी पेटली, नेट हललं नाही. ऑफिसातल्या स्क्रीनवर कास्टिंग असं स्वच्छ उमटलं, की त्याच्या अंगावरचं एकेक ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेलं हवेचं भोक, मोजून घ्यावं.

मालक बराच वेळ बघत राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "गिऱ्हाईकाला पण असंच दिसणार काय?"

म्हटलं, हो.

"मग साहेब, मामांनी पयल्यांदा केलतं तसंच जरा करून ठेवता येईल काय?"