दोन्ही गोळ्या चांगल्या, म्हणून जोडीही चांगली?

‘खोकल्याला क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, पोटाला डोमपेरिडोन. दोन्ही मान्यताप्राप्त, मग एकत्र घ्यायला हरकत काय? ठोके बिघडतात ते हार्ट पेशंटचेच, आणि बिघडले तर आधी धडधड जाणवते.’ असा मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय.

मान्यता खरी आहे. पण ती एकेका औषधाला मिळते, त्यांच्या जोडीला नाही. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी पोटॅशियम बाहेर सोडून पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होतात. ही दोन्ही औषधं नेमका तोच दरवाजा अडवतात. मग ईसीजीवरचं ‘क्यूटी’ अंतर, म्हणजे ठोका पडून पुन्हा सज्ज होण्याचा वेळ, लांबतं आणि ठोके भरकटण्याची शक्यता वाढते. त्यात क्लॅरिथ्रोमायसिन यकृतातलं एक एन्झाइमही रोखतं, ज्याच्यामुळे डोमपेरिडोनचा निचरा होतो. म्हणजे गोळी तेवढीच, रक्तातला डोस मात्र चढलेला. युरोपात ही जोडी निषिद्ध आहे. डोमपेरिडोन एकटं घ्यायचं तरी तिथे २०१४पासून मोठ्यांना एका वेळी १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि सहसा आठवडाभरच. आपल्याकडे पॅन्टोप्राझोल या अ‍ॅसिडिटीवरच्या औषधाच्या जोड-कॅप्सूलमध्ये डोमपेरिडोन ३० मिलिग्रॅम असतं, आणि माणसं ती ‘गॅसची गोळी’ म्हणून महिनोन्‌महिने घेतात. आत दुसरं औषध आहे हेच कित्येकांना ठाऊक नसतं.

‘फक्त हार्ट पेशंट’ हे तर १९९०मध्येच खोटं ठरलंय. अमेरिकेत ३९ वर्षांची एक बाई अ‍ॅलर्जीवरचं टर्फेनाडिन घेत होती, त्यात बुरशीवरचं केटोकोनाझोल सुरू झालं आणि तिला भोवळ येऊ लागली. हृदयात दोष सापडला नाही, दोष जोडीत होता. १९९८मध्ये टर्फेनाडिन तिथल्या बाजारातून गेलं. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरलेलं असेल, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल किंवा वय झालं असेल, तर धोका आणखी वाढतो. बायकांना तो मुळातच जास्त.

आणि धडधड? कधीकधी पहिली खूण थेट बेशुद्धी असते.

आता उलट टोकाला जाऊन कुणी ‘अँटिबायोटिक म्हणजे विष’ असा मेसेज काढू नये. क्लॅरिथ्रोमायसिनच्याच कुळातल्या अझिथ्रोमायसिनवरच्या २०१२च्या अमेरिकी अभ्यासात, अमॉक्सिसिलिन या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या तुलनेत, दर १० लाख कोर्समागे ४७ जादा हृदयमृत्यू दिसले. आकडा लहानच आहे. तेव्हा डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद करू नका. नवीन चिठ्ठी घेताना जुन्या पाकिटांची पिशवी त्यांच्या टेबलावर रिकामी करा, ‘गॅसची गोळी’ धरून.