श्रीलंकेने 21 वर्षं डोस कुणासाठी पाजला?

पल्स पोलिओचा रविवार जवळ आला की हा मेसेज वर येतो, पहिल्या पावसात गटाराचं झाकण वर यावं तसा. या खेपेला तो दादरच्या एका सोसायटीच्या ग्रुपवरून माझ्या भाचीपर्यंत पोचला. तिचं बाळ 14 आठवड्यांचं. प्रश्न एका ओळीचा: “मावशी, या वेळचा डोस राहू दे का?” नको, अजिबात राहू देऊ नकोस. पण तो ग्रुप दोनशे जणांचा आहे, म्हणून उत्तर जरा लांब.

मेसेजचं म्हणणं असं. भारत 2014 मध्येच पोलिओमुक्त झाला, तसं प्रमाणपत्र आपल्याला मिळालं. तरी डोस चालूच, कारण शेजाऱ्यांना आपलं घर सांभाळता येत नाही आणि ‘आशियाई सहकार्या’चा भुर्दंड आपल्या पोरांना. या डोसांनी देशात 4 लाख 90 हजार मुलं लुळी झाली. मुंबईच्या गटारांचं पाणी नेऊन आपली जनुकीय माहिती परदेशी पोचवतात. आणि तेच ते डोस पुन्हा पुन्हा पाजणं हा निव्वळ धंदा. शेवटी अर्थातच, ‘दहा जणांना पाठवा’.

प्रमाणपत्र लिहिणाऱ्याने कधी पाहिलेलं नाही, हे उघड आहे. 27 मार्च 2014 ला ते भारताला मिळालंच नाही. ते मिळालं जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाला, म्हणजे तेव्हाच्या 11 देशांना मिळून: भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव, म्यानमार, थायलंड, इंडोनेशिया, तिमोर-लेस्ते आणि उत्तर कोरिया. एकट्या देशाला हे प्रमाणपत्र देतच नाहीत. विभागातल्या एकाही देशात किमान तीन वर्षं वाइल्ड, म्हणजे लशीतला नव्हे तर मूळचा, विषाणू सापडता कामा नये. आणि तो असता तर सापडलाच असता इतकी टेहळणी प्रत्येक देशात चोख हवी.

आता रांगेत कोण कुणासाठी थांबलं ते बघा. भूतानचा शेवटचा रुग्ण 1986 मधला, श्रीलंकेचा 1993 मधला, थायलंडचा 1997 मधला. आपला शेवटचा रुग्ण सापडला 13 जानेवारी 2011 ला, हावड्यात. त्याच्या दोनच वर्षं आधी, 2009 मध्ये, भारतात 741 रुग्ण होते. त्या वर्षी जगात सर्वांत जास्त. श्रीलंकेतल्या आया शेवटच्या रुग्णानंतर 21 वर्षं बाळांना थेंब पाजत राहिल्या तेव्हा प्रमाणपत्र आलं, आणि या विभागात शेवटपर्यंत अडकलेला देश आपण होतो.

नुसतं थांबवलंच नाही, विषाणू पाठवलासुद्धा. बांगलादेश 2000 पासून स्वच्छ होता. 2006 मध्ये आपल्याकडून विषाणू गेला आणि तिथे 18 रुग्ण झाले. नेपाळमध्ये तर तो सीमेपलीकडून वारंवार जात राहिला. सगळ्यांत वाईट ताजिकिस्तान. त्या देशाचा विभाग, युरोप, 2002 मध्येच प्रमाणित झालेला. 2010 मध्ये तिथे साडेचारशेहून अधिक जणांना पोलिओ झाला, आणि विषाणूचं मूळ निघालं उत्तर प्रदेशात. हे मूळ अंदाजाने ठरवत नाहीत. विषाणूच्या जनुकीय मजकुरातल्या व्हीपी1 नावाच्या तुकड्यात सुमारे 900 अक्षरं असतात आणि त्यांतली साधारण एक टक्का दर वर्षी बदलतात. दोन नमुन्यांतला फरक मोजला की एकाचा दुसऱ्याशी संबंध किती जवळचा आणि वाटेत किती काळ गेला, ते कळतं. ‘आम्हीच का सोसायचं’ असं विचारणाऱ्याने एकदा ताजिकिस्तानच्या राजधानीतल्या, दुशान्बेच्या पालकांचा विचार करावा.

एक गोष्ट मेसेजमध्ये खरी आहे, नाइलाजाने कबूल करते: वाइल्ड पोलिओ अजून ठाण मांडून बसलेले देश दोनच, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान. 2024 मध्ये पाकिस्तानात 74 आणि अफगाणिस्तानात 25 रुग्ण होते. गंमत म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या नकाशात वाघा-अटारीवर विभागच बदलतो: आपण आग्नेय आशियात, पाकिस्तान पूर्व भूमध्य विभागात, चीन पश्चिम प्रशांत विभागात. विषाणूला हा नकाशा कुणी दाखवलेला नाही. 2011 मध्ये तो पाकिस्तानातून चीनच्या शिनजियांगमध्ये शिरला, आणि चीनचा विभाग 2000 सालीच प्रमाणित झाला होता. शेजारी पेटलेला असेल तर आपल्या घरावर पाणी मारून ठेवायचं की ‘आग त्यांची आहे’ म्हणून बादली लपवायची?

आता ते 4 लाख 90 हजार. याच आकड्याने आया घाबरतात, म्हणून इथे जरा वेळ काढते. आकडा हवेतला नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधातून तो उचललाय: 2000 ते 2017 या काळात भारतात ‘नॉन-पोलिओ एएफपी’चे 6 लाख 40 हजार रुग्ण नोंदले गेले, त्यांतले 4 लाख 91 हजार ‘अपेक्षेपेक्षा जास्त’. एएफपी म्हणजे हातापायांत अचानक आलेला ढिला अशक्तपणा. 15 वर्षांखालच्या मुलात तो दिसला, कारण काहीही असो, की नोंद करायची असा नियम आहे. गियाँ-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार असेल, मज्जारज्जूचा दाह असेल, कुल्ल्यावर चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनने दुखावलेली नस असेल, सगळं नोंदवायचं. मग 48 तासांत तपास, लक्षणं सुरू झाल्यापासून 14 दिवसांच्या आत विष्ठेचे दोन नमुने, दोहोंत किमान 24 तासांचं अंतर, प्रत्येक सुमारे 8 ग्रॅम, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत. गरजेप्रमाणे 60 दिवसांनी मुलाला पुन्हा तपासायचं. नमुन्यात पोलिओ निघाला नाही की त्या मुलाची नोंद ‘नॉन-पोलिओ’ खात्यात. म्हणजे हे खातं पोलिओ *नाही* असं ठरलेल्या मुलांचं. त्यांतली पुष्कळ मुलं 60 दिवसांत पूर्ववत चालू लागलेली असतात. मेसेजमध्ये तीसुद्धा ‘कायमची लुळी’.

‘अपेक्षा’ कुठून आली? लाखामागे 2 हा आकडा धरून. पण तो आजाराचा अंदाज नव्हेच, टेहळणीची किमान पातळी आहे. लाख मुलांमागे निदान दोन तरी नोंदी आल्या नाहीत तर तुमची यंत्रणा झोपली आहे, एवढाच त्याचा अर्थ. किमान मर्यादेला कमाल मानलं आणि वरचं सगळं लशीच्या खात्यावर टाकलं, की 4 लाख 91 हजार तयार. नोंदी वाढल्या कारण उत्तर प्रदेश-बिहारमध्ये गावोगावच्या खाजगी दवाखान्यांपर्यंत नोंदवणाऱ्यांचं जाळं मुद्दाम पसरवलं, एकही केस सुटू नये म्हणून. डोसच्या फेऱ्याही तिथेच सर्वांत जास्त झाल्या, कारण विषाणूही तिथेच होता. दोन्ही एकाच जागी वाढले आणि पोलिओ गेल्यावर दोन्ही सैल झाले, म्हणून एकाने दुसरं घडवलं? पालिकेने खड्ड्यांच्या तक्रारींसाठी नंबर दिला आणि तक्रारी वाढल्या, तर खड्डे त्या नंबरने पाडले असं म्हणण्यासारखं आहे हे.

तोंडाने द्यायच्या लशीने कधीच काही होत नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. या लशीत कमजोर केलेला पण जिवंत विषाणू असतो आणि साधारण 27 लाख डोसांमागे एखाद्या मुलाला तिच्यामुळेच लुळेपणा येतो. जिथे लसीकरण विरळ आहे तिथे हा विषाणू मुलामुलांतून फिरत बदलतो आणि पुन्हा धोकादायक होतो. 2022 मध्ये लंडनच्या सांडपाण्यात सापडला तो हाच, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ लुळा पडलेला तरुण लस न घेतलेला होता. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार, आणि या भानगडींत त्यांतल्या टाइप 2 चा वाटा सर्वांत मोठा होता. टाइप 2 चा मूळ विषाणू तर 1999 मध्ये अलीगढला शेवटचा दिसला होता. म्हणून तो लशीतून काढून टाकला, आणि कसा काढला ते सहकार्याला हसणाऱ्यांनी वाचण्यासारखं आहे. 17 एप्रिल ते 1 मे 2016 या पंधरवड्यात 155 देश-प्रदेशांनी जुनी लस थांबवली. भारताने 25 एप्रिलला. सगळ्यांनी एकदम, कारण एकाने बंद केली आणि शेजाऱ्याने चालू ठेवली, तर ज्याने बंद केली त्याच्या नव्या बाळांना टाइप 2 विरुद्ध थेंबांतून संरक्षण मिळत नाही आणि शेजारून तो विषाणू येत राहतो. 2018 मध्ये गाझियाबादच्या एका उत्पादकाच्या लशीत टाइप 2 ची भेसळ निघाली, हेही खरं. त्या कुप्या महाराष्ट्रातही वापरल्या गेल्या. गंभीर चूक होती. ती उघडकीस आणली कुणी? मेसेजने नव्हे, याच विष्ठा-सांडपाण्याच्या तपासणीने.

सांडपाण्याचं तर हसूच येतं. पोलिओसाठी गटाराचं पाणी तपासणं भारतात सुरू झालं ते 2001 मध्ये, मुंबईतच. पाणी विमानात बसत नाही, परळला हाफकिनच्या आवारात जातं. तिथलं एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्र आता राष्ट्रीय विषाणू संस्थेचं मुंबई केंद्र आहे. पद्धत अशी: सुमारे लिटरभर सांडपाणी बर्फात आणायचं, त्यातला विषाणू थोड्याशा द्रवात गोळा करायचा आणि पेशींवर वाढवायचा. त्यांतल्या एल20बी या उंदराच्या पेशी. पोलिओचा विषाणू माणसाच्या पेशीत ज्याला धरून शिरतो तो ग्राही (रिसेप्टर) त्यांच्यावर बसवलेला असतो, म्हणून त्यांत मुख्यतः पोलिओचाच विषाणू वाढतो. लाखो लोकांच्या संडासाचं एकत्र पाणी, त्यातून कुणाच्या घराण्याची जनुकं काढणार? उपयोग मात्र मोठा आहे. संसर्ग झालेल्या साधारण 200 मुलांत एकालाच लुळेपणा येतो, उरलेली धडधाकट मुलं विषाणू गटारात सोडत राहतात. भारतात सांडपाण्यात वाइल्ड पोलिओ शेवटचा सापडला तो मुंबईतच, नोव्हेंबर 2010 मध्ये.

पुन्हा पुन्हा डोस का? पोटातली इतर जंतुबाधा आणि जुलाब यांच्यामुळे थेंब दर वेळी लागू पडत नाहीत. 2006 च्या एका अभ्यासात टाइप 1 विरुद्ध एका डोसचा परिणाम उत्तर प्रदेशात सुमारे 9 टक्के निघाला, बिहार वगळता बाकी भारतात सुमारे 21. एकाच डोसवर भागलं असतं तर सरकारलाही हवंच होतं.

तर भाचीसाठी. 14 आठवड्यांना तोंडाने दोन थेंब आणि उजव्या दंडावर त्वचेत 0.1 मिलिलिटरचं इंजेक्शन, त्यात मेलेला विषाणू असतो. पुढचं इंजेक्शन 9 महिन्यांना, डाव्या दंडावर. रविवारच्या बूथचे थेंब याशिवाय. आदल्या आठवड्यात नियमित डोस झाला असला तरी पाजायचे. बाळाने लगेच थुंकले तर पुन्हा मागायचे. कुपीवरच्या गोलातला चौकोन बघायचा: गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली, गोलाइतका किंवा त्याहून गडद असेल तर दुसरी कुपी मागायची. बूथ चुकला तर पुढचे काही दिवस पथक घरोघरी येतं. टॉवरमध्ये त्या बायकांना गेटवरच अडवतात, म्हणून वॉचमनला आजच सांगून ठेव की त्यांना वर सोड.