काळी पैठणी आणि शुभ-अशुभ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं की, माणूस मुळातच अंधाराला भितो, त्यामुळे काळं अशुभ आणि पांढरं शुभ हे जगभर सारखंच. माझे लेख वाचून मुली साखरपुड्याला काळी पैठणी मागायला लागल्या, हे बरं नाही.

अंधाराची भीती सगळीकडे आहे, हे मान्यच. पण कापडाचा अर्थ तिच्यावरून ठरत नाही. व्हिक्टोरिया राणीने १८४० मध्ये लग्नात पांढरा झगा घातला, त्यानंतर युरोपात पांढऱ्या नवरीची रीत रुळली. चीनमध्ये तोच पांढरा सुतकाचा. केरळात नवरी पांढरी कसवू नेसते, उत्तरेत विधवेला पांढरं. आणि आपल्याकडे? केशवपन झालेल्या बायकांच्या नशिबी लाल आलवण होतं. लाल! ज्या रंगाचं कुंकू त्यांना वर्ज्य, त्याच रंगाचं लुगडं.

काळ्याचं म्हणाल तर आपल्या घरातच बघा. नव्या सुनेची पहिली संक्रांत काळ्या साडीशिवाय होत नाही. थंडीत काळं ऊब धरतं, हे एक कारण सांगतात. पण हलव्याचे दागिने जवळून पाहिलेत का? मंद आचेवर पाकाचे हात देत देत एकेका दाण्यावर आणलेला तो पांढरा काटा काळ्या कापडावर जसा उठून दिसतो, तसा दुसऱ्या कशावरच दिसत नाही. बोरनहाणाचं झबलंही काळंच. मंगळसूत्राचे मणी काळे, बाळाच्या गालावरची तीट काळी, वारकऱ्याच्या कपाळी बुक्का काळा.

आणि आपण तर नाशिककर. काळ्या पाषाणातल्या रामापुढे आपण हात जोडतो. तरीही स्थळ बघताना ‘मुलगी गोरी हवी’ म्हणतो, याचा मला फार त्रास होतो. त्याच काळारामाचे दरवाजे दलितांना बंद होते, म्हणून २ मार्च १९३० ला बाबासाहेबांना इथे सत्याग्रह सुरू करावा लागला. देवाचा सावळा रंग पूज्य मानणाऱ्यांनी माणसांना मात्र बाहेर ठेवलं. यात निसर्गाचा काय संबंध? हे सगळं माणसांनीच ठरवलेलं.

राहिली पैठणी. काळ्या पोताची, लाल काठाची चंद्रकळा हा जुनाच प्रकार आहे आणि पैठण्या आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात विणल्या जातात. मुलीला खुशाल नेसू द्या.