केबल पुरली, आता ती चालवायची कुणी?

आज सकाळी गावाच्या रस्त्याला पाइपलाइनसाठी जेसीबी चालू होता. गुडघाभर खणलं नाही तोच काळी केबल वर आली आणि तुटली. ऑपरेटर पोरगा म्हणाला, "दादा, चुना मारून दिलाय तिथं खणतोय. खाली काय आहे ते कुणी सांगितलंच नाही." त्या पोरावर काय चिडणार! ग्रामपंचायतीला इंटरनेट देणारी फायबरची केबल होती ती. भारतनेट या सरकारी योजनेच्या नियमाप्रमाणे ती १.६५ मीटर खोल हवी. खडक लागला तर कमी चालतं, मान्य. पण इथं काळी माती आहे हो! ज्या ठेकेदाराने ती गुडघाभरावर पुरली त्याचं बिल मात्र कधीच निघालं असणार.

माझी पुतणी बारावीनंतरचा प्रवेशाचा फॉर्म भरायला रात्री दहाला फाट्यावर बसली होती. गावात ओटीपी यायचा, पण मार्कशीट अपलोड होईना. शेजारून ट्रक जातायत, वहिनी मोबाइलची बॅटरी धरून उभ्या. आणि ग्रामपंचायत त्यांच्या दारासमोर! आत भिंतीवर फायबरची पेटी, तिच्यात लाल दिवा लुकलुकतोय. फायबरमधून डेटा प्रकाशाने येतो; लाल म्हणजे मागून प्रकाशच येत नाही.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना २०११ साली मंजूर झाली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून शब्द दिला गेला, हजार दिवसांत सहा लाखांहून जास्त गावं जोडू. ते हजार दिवस मे २०२३ मध्येच भरले. किती किलोमीटर केबल टाकली ते सगळे सांगतात. आज त्यातली किती चालू आहे, ते कोण सांगणार?

कुणीतरी म्हणेलच, आता मोबाइलवर सगळं होतं, केबल कशाला? अरे बाबांनो, टॉवरलाही मागून जोडणी लागतेच, आणि नेट जोरात चालायचं तर ती फायबरची हवी. गर्दी झाली की मोबाइलचं नेट का रडतं, ते फाट्यावर बसलेल्या पोरीला विचारा.

एक गोष्ट मात्र बरी झाली, ती सांगायलाच हवी. आधी बऱ्याच ठिकाणी केबल गावाला एकाच बाजूने यायची. मध्ये तुटली की पुढची सगळी गावं बंद. २०२३ मध्ये १.३९ लाख कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्यात रिंग करायची आहे. एकीकडे तुटलं तर डेटा दुसऱ्या बाजूने फिरून येतो. देखभालीचाही विचार त्यात आहे. होऊ दे, मनापासून वाटतं होऊ दे. पण केबलच्या आत प्रकाश नेणारी काच केसाएवढी असते. ती साधारणपणे मशीनमध्ये धरून, वितळवून जोडतात, चिकटपट्टीचं काम नाही ते. तो जोडणारा माणूस तालुक्याला हवा, त्याचा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हवा. आणि खणण्याआधी कळवायला 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप मार्च २०२३ पासून आहे; ते वापरल्याशिवाय कुठल्याही ठेकेदाराला जेसीबी लावूच देऊ नये.

पुतणीचा फॉर्म त्या रात्री गेला एकदाचा. तिच्या वर्गातल्या सगळ्यांना रात्री फाट्यावर घेऊन जाणारं कुणी नव्हतं.

ग्रामसेवकांना उद्या लेखी अर्ज देतोय: केबल कधी जोडणार, आणि यावेळी किती खोल पुरणार? गावातल्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी सकाळी दहापर्यंत पारावर या.