मेलेल्या पेशी झाडून काढण्याचे सोपे उपाय

गेल्या आठवड्यात माझा घोटा मुरगळला. टम्म फुगला. भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी लांबूनच निदान केलं, "मेलेल्या पेशी साचल्यात. त्या बाहेर काढा आणि इम्युनिटी वाढवा." पाठोपाठ पिशवीतून पावडरचा डबा निघालाच. त्यांच्याकडून मिळालेलं ज्ञान एकट्याने ठेवणं बरं नव्हे, म्हणून हे उपाय.

सर्वात आधी, शरीराला स्वतःची सफाई जमते यावर विश्वास ठेवू नका. रोज अब्जावधी पेशी मरतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, हे संशयास्पदच आहे. वेळ भरलेली पेशी म्हणे आवराआवर करून जाते. डीएनएचे तुकडे करते, स्वतःच्या लहान लहान पुड्या बांधते आणि एरवी आतल्या अंगाला असणारं फॉस्फेटिडिलसेरिन नावाचं स्निग्ध द्रव्य बाहेर काढून 'मला खा' अशी पाटी लावते. मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातल्या सफाई कामगार पेशी, येतात, गिळतात, वर आयएल-10 हा शांततेचा निरोप सोडून शेजाऱ्यांना शांत करतात. सूज नाही, बोभाटा नाही. या प्रकाराला 1972 पासून अपॉप्टोसिस असं नावसुद्धा आहे. पण पावडरशिवाय भागतंय म्हणजे काहीतरी गडबड असणारच.

पेशी मेली एवढं पुरे, कशी मेली हे विचारू नका.

सूज दिसली की इम्युनिटी वाढवा. हा तर रामबाण. घोटा मुरगळतो तेव्हा पेशींना आवरायला वेळच मिळत नाही, त्या फुटतात. एटीपी हे पेशीचं इंधन, एचएमजीबी1 हे तिच्या केंद्रकातलं प्रथिन, युरिक ॲसिड, सगळा संसार उघड्यावर. आत असताना हीच मंडळी निरुपद्रवी, पण बाहेर दिसली की प्रतिकारयंत्रणा समजते, घात झाला! जंतू एकही नसतो, तरी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात. ही यंत्रणा फक्त आपलं-परकं बघत नाही, धोका हुंगते, असं प्रतिकारशास्त्रज्ञ पॉली मॅटझिंगर यांनी 1994 मध्येच मांडलं होतं. म्हणजे अहो, माझ्या पायावर जी फुगलीय ती इम्युनिटीच आहे! आणखी किती वाढवू? गुडघ्यापर्यंत? का गॅस्डर्मिन या प्रथिनाने पेशींना भोकं पाडून आयएल-1 बीटा हा सूज-ताप आणणारा निरोप सांडेपर्यंत, म्हणजे सोबत तापही येईल?

मॅक्रोफेजना रजा द्या. मेलेल्या पेशी वेळेवर उचलल्या नाहीत की त्या मागाहून फुटतात, आणि काहींचं शरीर स्वतःच्याच डीएनएविरुद्ध अँटिबॉडी बनवायला लागतं. ल्युपस या आजारात हेच दिसतं.

ल्युपसवरून आठवलं. जाताना हे गृहस्थ सहज म्हणाले, हाच डबा ल्युपस असलेल्या एका बाईंनाही देऊन आलोय.

आता उपाय वगैरे राहू द्या. त्या बाईंची प्रतिकारशक्ती त्यांच्यावरच उलटलीय. ती आवरायला डॉक्टर औषधं देतायत, आणि तुम्ही ती वाढवायला निघालात? डब्यात काय आहे ते तुम्हाला तरी माहीत आहे का? घोटा माझा आहे, उतरेल. त्यांच्या मूत्रपिंडांना काही झालं तर कोणाच्या दारात जाणार त्या? आधी फोन लावा त्यांना, आत्ता, माझ्यासमोर. आणि हा डबा उचला इथून.