एसआय२ हिरे सगळे सारखे नसतात

'एसआय२ बिनधास्त घ्या, डाग डोळ्यांना दिसत नाहीत' हे हिरे-खरेदीवरच्या लेखातलं वाक्य सरसकट पटलं नाही. एसआय२ ही हिऱ्याच्या शुद्धतेची, म्हणजे त्यातल्या डागांवरून ठरणारी, एक ग्रेड. ती ठरते १० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली, नुसत्या डोळ्यांनी नव्हे. माझ्या अंगठीतला गोल हिरा एसआय२च आहे. कडेला पिसासारखी पांढरी रेघ होती, ती प्रॉन्गखाली (हिरा धरून ठेवणाऱ्या धातूच्या नखीखाली) गेली. आता मलाच सापडत नाही! त्याच ग्रेडचा दुसरा पाहिला, तर टेबलाखाली (वरच्या मोठ्या सपाट पैलूखाली) मधोमध काळा ठिपका आणि पैलूंमध्ये त्याची चार-पाच प्रतिबिंबं. एमराल्ड कटात (चौकोनी, पायऱ्यांसारखे लांब पैलू असलेल्या घडणीत) तर असा ठिपका लपतच नाही.

आणि हिऱ्याच्या तपासणी-रिपोर्टवर 'ग्रेड ही आकृतीत न दाखवलेल्या क्लाउड्सवर (सूक्ष्म ठिपक्यांच्या पुंजक्यांवर) आधारित' असा शेरा असेल, तर हिरा दुधाळ नाही ना, हे दुकानातल्या झगमगाटात नव्हे, खिडकीशी नेऊन बघा.